आरोपी ‘होय’ म्हणाला

१

केरूला फाशीची शिक्षा सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाचा शिपाई माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. जेलरसाहेबांनी बोलावलंय, एवढंच म्हणाला.

१९३२ सालचा चैत्र होता. रत्नागिरीत वकिली करू लागून मला अकरा वर्षं झाली होती. केरूचा खटला मी मागून घेतलेला नव्हता. खुनाच्या आरोपीला वकील देण्याची ऐपत नसेल तर कोर्ट देतं, त्या यादीत माझं, भिकाजी मुळ्येचं, नाव होतं. कागद हातात पडले ते पहिल्या साक्षीच्याच दिवशी सकाळी. कबुलीजबाब होता, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता, होडीच्या वल्ह्यावर रक्ताचे डाग होते. मी चार प्रश्न विचारले आणि खाली बसलो. दोन दिवसांत सगळं आटोपलं.

जेलर दारातच भेटले. “तुमच्या आरोपीनं आज मला एक गोष्ट विचारली,” ते म्हणाले. “उत्तर तुम्हीच द्या.”

केरू पूर्णगडच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि त्या लहानशा खोलीत गरज नसताना मोठ्या आवाजात म्हणाला, “वकीलसायब, माजा काम कदी निगायचा? मी घरला कदी जायचा?”

मी जेलरकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली.

“केरू,” मी म्हणालो, “काल तुला शिक्षा झाली.”

“होय,” केरू म्हणाला.

“फाशीची.”

“होय.” आणि मोठ्या माणसासमोर हसावं तसा तो अदबीनं किंचित हसला.

मी विचारलं, “काशीराम तलाठ्याला तू मारलंस?” होय. “म्हणजे तू मारलं नाहीस?” होय. मग पाहणाऱ्या साक्षीदाराचंच नाव घातलं, “तुझं नाव रावजी?”

“होय,” केरू म्हणाला.

जेलर त्याच्या मागं उभे होते. मी खूण केली तशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. खिडकीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. मीही दचकलो. केरू मात्र माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिला.

दोन दिवस हा माणूस माझ्यापासून सहा हातांवर उभा होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, आणि ते मला कळलं नव्हतं.

हायकोर्टात अपील करायला सात दिवसांची मुदत. त्यातला एक संपत आला होता.

२

घरी येऊन मी खटल्याचे कागद पुन्हा काढले. या वेळी एकेक ओळ वाचली.

काशीराम तलाठी पूर्णगडला बदलून येऊन जेमतेम महिना झाला होता. माघातल्या एका संध्याकाळी तो खाडीपलीकडच्या वाडीतून परत निघाला आणि चावडीवर पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या धक्क्याजवळ चिखलात त्याचं प्रेत सापडलं, डोकं फुटलेलं. दप्तराची पिशवी नाहीशी झालेली.

पाहणारा साक्षीदार होता गावचा पोलीस पाटील, रावजी. त्याची साक्ष अशी: “मी पलीकडच्या काठावर वरच्या पायवाटेवर होतो. काशीराम अर्धा तास तरीला हाका मारत होता. शेवटी केरू होडी घेऊन आला. तो पाठमोरा होऊन होडी बांधत असता काशीराम मागून म्हणाला, ‘एवढा वेळ कुठं होतास? तुझा परवाना काढून घेतो.’ केरू तसाच पाठमोरा म्हणाला, ‘परवाना काढतोस? तुला आज सोडत नाय,’ आणि वळून त्यानं वल्हं डोक्यात घातलं.”

कबुलीजबाबाखाली मॅजिस्ट्रेटचा शेरा होता. साहेब देशावरचे, किनाऱ्यावरची बोली त्यांना नीट कळेना. म्हणून प्रश्न समजावून सांगायला पोलीस पाटील रावजी आरोपीजवळ उभा होता. जो साक्षीदार, तोच दुभाषा. हे वाक्य खटल्याचे दोन्ही दिवस माझ्यासमोर पडून होतं.

आणि शेवटी जज्जसाहेबांनी आरोपीला विचारलेले तीन प्रश्न.

साक्षी ऐकल्यास ना? होय.

कबुलीजबाब तुझाच ना? होय.

आणखी काही सांगायचं आहे? होय.

खाली लिहिलं होतं, ‘आरोपी पुढे काही बोलला नाही.’ काही सांगायचं आहे असं म्हणणारा माणूस गप्प का राहिला, हे विचारणं माझं काम होतं. त्या वेळी मी बहुधा घड्याळाकडे पाहत होतो.

कागद बांधता बांधता साक्षीदारांच्या मूळ यादीवर नजर गेली. पाचवं नाव पेन्सिलीनं खोडलेलं होतं. उजेडात धरलं तेव्हा वाचता आलं: बकुळा, राहणार पूर्णगड, तरीच्या धक्क्याजवळ.

तिचा जबाब मात्र कागदांत कुठंच नव्हता.

३

तपास करणाऱ्या फौजदारांना मी गाठलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. “ती म्हातारी? रावजी पाटील म्हणाले, तिला मोतीबिंदू आहे, पाच हातांवरचं दिसत नाही. मग कशाला न्यायची कोर्टात?”

“जबाब घेतला होतात?”

“घेतला असेल,” ते म्हणाले, आणि पुढ्यातले कागद चाळू लागले.

दुसऱ्या दिवशी मी पूर्णगडला गेलो. खाडीचं पाणी शिशासारखं पडलं होतं. तर बंद होती, होडी पालथी घालून ठेवलेली. धक्क्याजवळच्या झोपडीसमोर एक म्हातारी बसून सुपातला जवळा निवडत होती. नखाएवढ्या त्या सुक्या मासळीतून खडे आणि शिंपल्याचे बारीक कण वेचून बाजूला टाकत होती.

“बकुळाआजी,” मी म्हणालो, “तुमच्या डोळ्यांना काय झालंय?”

“काय व्हयाचा हाय?” ती म्हणाली. “तुमच्या कोटाचा तिसरा बटन तुटलाय, त्यो दिसतोय मला.”

झोपडीतून केरूची बायको बाहेर आली. तिचं नाव राही. मला पाहून ती थबकली. मीही तिला ओळखलं. खटल्याचे दोन्ही दिवस या दोघी कोर्टाच्या आवारात आंब्याखाली बसून होत्या. मी चार वेळा त्यांच्यासमोरून गेलो होतो.

“साक्षीला बोलावतील म्हनून बसलो व्हतो,” राही म्हणाली. “कुनी हाकच मारली नाय. सांजेला शिपाई म्हनाला, जावा, खलास झाला काम.”

मी ओट्याच्या कडेला बसलो. त्या संध्याकाळी काय झालं, बकुळानं सांगितलं.

“ह्यो केरू हितं, माज्या फुड्यात बसून जाळा इनत व्हता. खाडीकडं पाठ करून. पल्याडसून हाका येत व्हत्या. ‘ए तरवाल्या, ए तरवाल्या’. लय येळ. मला वाटला, ह्याला ऐकू येतंय नि मुद्दाम बसून ऱ्हायलाय. मी पन बोलले नाय. मंग हाका थांबल्या. केरू दिवेलागनीपावत हितंच व्हता.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितला तर. लिवून घेतलान, आंगठा उठवलान.” ती थोडा वेळ सूप हलवीत राहिली. “मी त्याला नुसता हात लावून सांगितला आसता, तर तो मानूस जित्ता ऱ्हायला आसता.”

मी राहीकडे वळलो. “बाई, तुझा नवरा ठार बहिरा आहे. हे तू कुणालाच का सांगितलं नाहीस?”

ती खाली बसली. मागच्या वर्षी केरूला हिवताप झाला होता. दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या आणल्या. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. राहीचं बोलणं तो ओठांवरून ओळखी. इतरांना मान हलवून होय म्हणे. “बहिऱ्याला तर कोन दील, वकीलसायब? मला शपत घातली व्हती. मला काय ठावं, कोरटात कानच लागतात.”

“मग पलीकडच्या हाका त्याला कशा कळायच्या?”

“हाका कशाला?” राही म्हणाली. “फडका हाय ना. पल्याड काठी रोवलेय, तिला फडका बांदलेला. मानूस आला की त्यो हलवतो. मी सगळ्यांस्नी सांगितला, वाऱ्यात हाक येत नाय, फडका हलवा. सगळा गाव तसाच करतो.”

“कसलं फडकं?”

“पांढरा. माज्या जुन्या लुगड्याचा लाल काठ लावलेला.”

प्रेताच्या पंचनाम्यात अकराव्या ओळीला एक फडकं होतं.

४

पंचनाम्याची नक्कल माझ्या पिशवीत होती. तिथंच ओट्यावर उघडली. ‘प्रेतापासून वीस पावलांवर झुडपाच्या बुंध्यात पांढरे फडके, लाल काठाचे, चार घड्या घातलेले, डाग नाही.’ फौजदारांनी ते मयताचं समजून पुढं काहीच केलं नव्हतं.

काशीराम महिन्यापूर्वी आलेला माणूस. येताना त्याच्यासोबत नेहमी कुणी ना कुणी असे. फडक्याचं त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो हाका मारत राहिला. पण काठीला फडकं असतं तर ते काय आहे हे त्यानं ताडलं असतं. ते तिथं नव्हतंच. कुणीतरी तो यायच्या आधीच काढून, नीट घडी घालून, झुडपात ठेवलं होतं. तर येऊ नये, काशीराम त्या काठावर एकटा सापडावा, म्हणून. आणि हे करणारा गावातला होता.

त्या काठावर त्या वेळी आपण होतो असं शपथेवर सांगणारा माणूस एकच होता.

मी रावजी पाटलाच्या घरी गेलो. टाळणं शक्य नव्हतं. गावात वकील आल्याचं त्याला आधीच कळलं होतं. पन्नाशीचा, स्वच्छ धोतरातला माणूस. त्यानं पाटावर बसवलं, पन्हं दिलं, स्वतः सुपारी कातरत बसला.

“अपील करताय म्हणे,” तो म्हणाला. “करावं. गरिबाचा जीव आहे.”

“तुम्ही साक्षीत सांगितलंत, काशीराम अर्धा तास हाका मारत होता.”

“होय तर. सगळ्या गावानं ऐकल्या.”

“तुम्ही वरच्या वाटेवर उभे. फडकं हलवायचं असतं, हे तुम्ही त्यांना का सांगितलं नाहीत?”

अडकित्ता थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुपारीचे बारीक तुकडे पडू लागले.

“ध्यानात आलं नसेल,” रावजी म्हणाला. “वकीलसाहेब, खाडीच्या वाटेनं जाताना जपून जा. वरून कोरडं दिसतं, पण माणूस कमरेपर्यंत आत जातो. गेल्या साली एक म्हैस गेली. ओरडत होती बिचारी.”

त्यानं माझा पेला उचलून आत ठेवला. मी निघालो तेव्हा तो अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला आला, आणि मी वळणाआड होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

रावजीनं खोटं सांगितलं हे मला आता ठाऊक होतं. का मारलं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

५

काशीराम त्या दुपारी पलीकडे सखू नावाच्या विधवेकडे गेला होता. एका डोलकराला विनवून मी पलीकडे उतरलो. काठी अजून रोवलेली होती, उघडी.

सखूचं घर कलमांच्या बागेला लागून होतं. बाग आपली नाही, असं तिनं सांगितलं. नवरा मेल्यावर पाटील म्हणाला, तू मला विकलीस, आंगठा दिलास. तिला आठवत नव्हतं, पण वहीत आंगठा होता.

“काशीरामभाऊ ती वही घेऊन आले व्हते,” सखू म्हणाली. “माजा आंगठा कागदावर उठवून वहीतल्या आंगठ्याशी लावून बगितला. म्हनाले, बाई, नाव तुजा हाय, पन आंगठा तुजा नाय. उद्या रत्नागिरीला मामलेदाराला दाखवतो.”

“आणि वही?”

“पिशवीत घातली. माज्या डोळ्यांदेखत. पाटील दारात उभा व्हता. भाऊंनी त्याला बोलावला व्हता. तो आदी निगून गेला, भाऊ मागनं.”

कबुलीजबाबात केरूच्या तोंडी एक वाक्य होतं: ‘पिशवी मी खाडीत टाकली.’ परतताना होडीत मी त्याच वाक्याचा विचार करत होतो. केरूनं टाकली असती तर वही गेलीच. पण रावजीनं ती पाण्यात टाकली असती का? बाग त्याच्या नावावर आहे याला त्या वहीखेरीज आधार काय होता? वही बुडाली तर चौकशी होणार, नवी नोंद होणार, सखूला आंगठ्याला बोलावणार. रावजीला ती वही नाहीशी करायची नव्हती. ती काशीरामच्या हातून काढून घ्यायची होती, एवढंच.

मी धक्क्यावरून सरळ चावडीवर गेलो. काशीरामच्या जागी आलेला तलाठी कपाटाची धूळ झटकत होता. सखूच्या बागेचा उतारा हवा म्हणून मी सांगितलं. त्यानं कपाट उघडलं, एक जाड वही काढली, पान उलटलं आणि माझ्यापुढं ठेवली.

“ही वही तुम्ही आल्यापासून इथंच आहे?”

“कपाटातच होती. सगळी दप्तरं जागच्या जागी मिळाली मला.”

“तुम्ही येईपर्यंत चावडीची किल्ली कुणाकडे होती?”

“पोलीस पाटलांकडे,” तो म्हणाला. “दुसरं कोण?”

मेलेल्या माणसाच्या पिशवीतली वही खाडी ओलांडून कुलूपबंद कपाटात येऊन बसली होती. मी त्या तलाठ्याला ती पुन्हा कुलपात ठेवायला लावली, किल्ली आजच मामलेदारांकडे द्या म्हणून सांगितलं, आणि तो खरंच निघेपर्यंत चावडीच्या पायरीवर बसून राहिलो. समोरच्या वाटेवर रावजीचा गडी उभा होता. तोही हलला नाही.

तुरुंगात राहीला सोबत नेलं तेव्हा शेवटचा दुवा केरूनं दिला. तिनं ओठांनी विचारलं, त्यानं सांगितलं. प्रेत सापडलं त्या सकाळी रोजच्यासारखी होडी पलीकडे नेली, तेव्हा पहिली फेरी पाटलाची होती. त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं होतं आणि ते त्यानं होडीत खाली ठेवू दिलं नाही. काशीरामचा जीव घेऊन वही त्यानं त्या पोत्यात दडवून केरूच्याच होडीतून, केरूच्याच हातांनी वल्हवून अलीकडे आणली होती.

६

अपिलाचा मसुदा सहाव्या दिवशी संध्याकाळी पुरा झाला. दवाखान्याच्या वहीतली वर्षापूर्वीची नोंद जोडली: ‘कोयनेलनंतर श्रवण गेले.’ सिव्हिल सर्जनचा दाखला जोडला. बकुळाचं आणि सखूचं प्रतिज्ञापत्र जोडलं. दुभाषा म्हणून साक्षीदारच उभा होता, बचावाला उपयोगी जबाब कोर्टापुढं आलाच नाही, आणि वल्ह्यावरचे डाग माणसाच्या रक्ताचे की मासळीच्या हे कुणी तपासलंच नाही, हे मुद्दे लिहिले.

रावजीची साक्ष मी वेगळी मांडली. हाका गावानं ऐकल्या होत्या, त्या नाकारता येत नव्हत्या. म्हणून रावजीनं त्या हाकांना शेवट जोडला: होडी आली, बोलाचाली झाली. आणि बोलाचाली खरी वाटावी म्हणून केरूच्या तोंडी उत्तर घातलं. पाठमोऱ्या माणसाला मागून कुणी बोललं आणि त्यानं शब्दाला शब्द दिला. केरू बहिरा आहे हे रावजीला ठाऊक असतं तर त्यानं हे वाक्य कधीच रचलं नसतं. कबुलीजबाबाच्या वेळी केरू होय होय म्हणत गेला, ते त्याला भीतीपोटी वाटलं होतं.

एक प्रतिज्ञापत्र उरलं होतं. ते माझं. बायको म्हणाली, “हे लिहिलंत तर पुन्हा कोण तुमच्याकडे खटला घेऊन येईल?” मी ओळीनं लिहून काढलं. आरोपीशी खटल्यापूर्वी मी बोललो नाही. तो ऐकतो की नाही हे पाहिलं नाही. मुदत मागायला हवी होती, मागितली नाही. त्याचा योग्य बचाव झाला नाही, आणि तो न करणारा मी. आगबोटीनं कागद मुंबईला गेले.

हायकोर्टानं आषाढात निकाल दिला. आरोपीला न समजलेला खटला हा खटलाच नव्हे, असं लिहून शिक्षा रद्द केली, केरूला सोडलं, आणि नव्यानं तपास करायला सांगितलं. माझ्या हलगर्जीपणावर तीन ओळी होत्या. त्या वर्तमानपत्रात छापून आल्या. पुढची दोन वर्षं माझ्या ओसरीवर फारशी वर्दळ नव्हती.

केरूची तर गेली. बहिरेपण आता सगळ्यांना माहीत झालं होतं. परवाना दुसऱ्याला मिळाला. तो जाळी विणून देऊ लागला.

नवा तपास दुसऱ्या अधिकाऱ्यानं केला. वहीतला आंगठा पुण्याला ठसे तपासणाऱ्यांकडे गेला. तो रावजीच्या गड्याचा निघाला, आणि गड्यानं तोंड उघडलं. पौषात रावजीचा खटला उभा राहिला. मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. राही आणि केरू साक्षीला आले होते.

रावजीचं वकीलपत्र घ्यायला रत्नागिरीतला कुणी वकील तयार नव्हता. कोर्टानं एका नव्या वकिलाला नेमलं होतं. तो उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातल्या कागदांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. सरकारी वकिलांनी पहिला साक्षीदार पुकारला. रावजी पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता, गालफडं बसलेली.

माझा त्या खटल्याशी संबंध नव्हता. तरी मी उठलो. “साहेब,” मी म्हणालो, “यांना कागद आज सकाळी मिळालेत. आठ दिवस द्यावेत.”

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या तीन ओळी त्यांनीही वाचल्या असणार. त्यांनी आठ दिवस दिले. पुढं खटला सहा दिवस चालला, नव्या वकिलानं एकेक साक्षीदार नेटानं तपासला, आणि रावजीला फाशी झाली ती कुणालाही बोट ठेवता येणार नाही अशी.

पण मुदत मिळाली त्या दिवशी बाहेर आलो तेव्हा राही पायरीवर थांबली होती.

“त्याच्यासाठी उठलात,” ती म्हणाली. “आठ दिस मागून दिलात. आमास्नी एक दिस नाय दिलात.”

“नाही दिला,” मी म्हणालो.

तिनं पदर खोचला, बोचकं उचललं. केरू आधीच रस्त्याला लागला होता, मधोमध चालत. मागून सर्व्हिस मोटार भोंगा वाजवीत येत होती. राही बोचकं टाकून धावली, आणि दंडाला धरून तिनं त्याला कडेला ओढलं.